शिसं आटवून लगडी पाडायच्या आहेत: टायरची वजनं, वाड्यातली नळी आणि छापखान्यातले खिळे

रविवारकारंजा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वडिलांचा नाशिकला रविवार कारंजाजवळ ट्रेडल मशीनचा (पायाने चालवायच्या छपाई यंत्राचा) छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं अशी कामं. ऑफसेट आल्यावर कामं आटली आणि १९९८ साली त्यांनी मशीन मोडीत काढलं. खिळ्यांची (छपाईसाठी जुळवायच्या धातूच्या सुट्या अक्षरांची) तीन खोकी मात्र दिली नाहीत, माळ्यावर ठेवली. वडील गेले. आता वाडा उतरवायचा आहे आणि महिनाभरात सगळं हलवायचं आहे. खोकी उघडली तर १४ किलो खिळे निघाले, सगळे एकमेकांत मिसळलेले. मोरीजवळच्या भिंतीतून जुन्या नळाची शिशाची नळी निघाली, ती ६ किलोच्या वर आहे. शिवाय द्वारकेजवळ मित्राचं टायरचं दुकान आहे. त्याने व्हील बॅलन्सिंगची काढून टाकलेली वजनं तेलाच्या पत्र्याच्या डब्यात भरून दिली, २२ किलो.

हे सगळं आटवून एकसारख्या लगडी पाडाव्यात असं मनात आहे. मुलगी अकरावीला आहे. तिने आठ इंची आरशाची दुर्बीण स्वतः बांधली, पण नळकांड्याचं तोंड जड झाल्याने ती पुढे झुकते. आरशाच्या बाजूला साधारण साडेतीन किलो वजन लावायचं आहे. उरलेल्या लगडी नीट रचून ठेवता येतील, पुढे कुणाला लागल्या तर देता येतील.

माझा बेत असा: गच्चीवर घरातली गॅसची शेगडी, हिंडालियमचं जुनं पातेलं, साच्याला नॉनस्टिक आप्पेपात्र. अंबडला मशीन शॉपमध्ये २६ वर्षं काम केलंय, धातूची भीती नाही. पण ओतकाम कधी केलं नाही. काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

भट्टीवाला_सातपूर

दादा, स्पष्टच सांगतो. बेतातल्या चारही गोष्टी बदला.

आधी पातेलं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला. आकडे बघून वाटतं की बरीच जागा आहे. पण ॲल्युमिनियम तापल्यावर खूप आधीच मऊ पडतं आणि शिशाचं वजन विसरू नका. एक लिटर शिसं म्हणजे ११ किलोच्या वर. पातेल्याचा तळ बसला किंवा कान निसटला तर ते सगळं पायावर येणार. लोहाराकडची जाड पत्र्याची लोखंडी कढई घ्या. बिडाची चालते, पण आधी वाजवून बघा. चीर असेल तर आवाज बद्द येतो. ती घेऊच नका.

घरातल्या शेगडीचे स्टँड दहा-बारा किलोला टिकत नाहीत. केटरिंगवाले वापरतात तशी जमिनीवरची, तीन पायांची शेगडी बघा. खाली पत्र्याच्या परातीत कोरडी वाळू पसरा, म्हणजे सांडलंच तर वाळूत थिजेल.

आप्पेपात्राची कल्पना मला फार आवडली, पण नॉनस्टिक नको. ते लेपन २६० अंशांच्या पुढे विटायला लागतं आणि त्याचा धूर वाईट. बिडाचं जुनं आप्पेपात्र मिळतं, ते घ्या. खळग्यांना मेणबत्तीची काजळी धरा, लगड टुणकन निघते. आणि ही कढई, पळी, झारा, आप्पेपात्र एकदा शिशाला लागलं की परत कधीही स्वयंपाकघरात जाता कामा नये. लाल ऑइलपेंटने ठळक खूण करा. आज तुम्हाला आठवतंय, पाच वर्षांनी कुणीतरी माळ्यावरून काढून घासून घेईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागाखाली पाण्याचा एक थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या साधारण १७०० पट जागा लागते. ती जागा ती शिसं उडवून करून घेते. म्हणून सगळा माल थंड कढईत भरायचा आणि मग जाळ लावायचा. मालाबरोबर ओलही हळूहळू निघून जाते. एकदा रस झाला की त्यात गार तुकडा टाकायचा नाही. टाकायचाच असेल तर कढईच्या काठावर धरून आधी तापवायचा. पळी, झारा, साचा, सगळं आधी गरम. कपाळाचा घामही कढईत पडू द्यायचा नाही, टोपी घाला.

बालवैद्य

रविवारकारंजा, घरात लहान मुलं आहेत का? गरोदर कुणी आहे का? आधी हे सांगा, मग बाकीचं.

रविवारकारंजा

भावाचा मुलगा आहे, चार वर्षांचा. खाली राहतात, पण तो दिवसभर गच्चीवरच खेळतो.

बालवैद्य

मग गच्ची बाद. याला दुसरा पर्याय नाही, भाऊ.

लोकांना वाटतं धोका फक्त धुराचा. शिशाची वाफ घातक प्रमाणात निघायला ते जवळपास ५०० अंशांपर्यंत तापवावं लागतं. तुम्ही ४०० च्या आत राहिलात तर तो भाग बराचसा टळतो. पण वर जी राखट मळी येते, ती काढताना तिची पूड उडते. ती फरशीच्या फटीत बसते, कपड्यांना लागते, हाताला लागते. चार वर्षांचं पोर फरशीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट भाग लहान मुलाचं शरीर शोषून घेतं. मेंदू घडत असतो त्याच वयात. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात रक्ताच्या एका डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तरी ते कुठून आलं ते शोधून बंद करा असं सांगितलं आहे. त्या पातळीला मूल बाहेरून ठणठणीत दिसतं. माझ्याकडे पोटदुखी आणि चिडचिड म्हणून आलेलं मूल मी पाहिलं आहे. लोहाच्या गोळ्या सुरू होत्या, हिमोग्लोबिन वाढत नव्हतं. चौकशी केली तर घरामागच्या पडवीत बॅटऱ्या फोडायचं काम चालायचं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडांत बसलेलं अनेक वर्षं तिथेच राहतं.

करायचंच असेल तर वस्तीपासून दूर, उघड्यावर, वारा पाठीमागून घेऊन. हातमोजे, फुल बाह्यांचा सुती शर्ट, बंद चामडी बूट, डोळ्यांना आणि चेहऱ्याला आडोसा, धुळीचा फिल्टर असलेला मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही. मध्ये चहा नाही, तंबाखू तर अजिबात नाही. कपडे तिथेच बदलून पिशवीत बांधा आणि घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. हात साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने नाही. जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मखमलाबादकर

आमचा मळा आहे. विहिरीपासून लांब, बांधाकडेला जुनं सिमेंटचं खळं आहे. तिथे या. पण द्राक्षं उतरल्यावर या, बागेत घड असताना मी हे करू देणार नाही. आणि मातीत एक कणही पडायला नको. शिसं मातीत गेलं की ते कुठेच जात नाही, तिथेच राहतं.

इन्व्हर्टरभाऊ

माझ्याकडे इन्व्हर्टरच्या दोन मेलेल्या बॅटऱ्या आहेत. त्यातही शिसंच ना? त्याही याच वेळी आटवल्या तर?

भट्टीवाला_सातपूर

नाही. बॅटरी घरी फोडायची नाही.

प्लेटांवर जो लेप असतो तो नुसतं शिसं नाही, त्यात शिशाचं सल्फेट आणि ऑक्साइड असतं. सल्फेट शेगडीच्या जाळावर वितळतही नाही, त्याचं शिसं करायला कारखान्यातली भट्टीच लागते. म्हणजे तुमच्या हाती थोडं शिसं आणि भरपूर विषारी पूड येणार. वर गंधकाम्ल. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नव्या बॅटऱ्यांच्या शिशात कॅल्शियम असतं, जुन्यांमध्ये अँटिमनी आणि आर्सेनिक. दोन्हींची मळी एकत्र झाली आणि तिला ओल लागली तर आर्सीन आणि स्टिबीन हे वायू निघू शकतात. माणूस जागीच दगावेल इतके ते विषारी आहेत.

कायद्यानेही बसत नाही. २००१ पासून बॅटऱ्यांचे नियम आहेत, २०२२ मध्ये नवे आले. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्यायची, तो नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवतो. नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात. तुमचं नुकसान काहीच नाही.

इन्व्हर्टरभाऊ

समजलं. उद्याच दुकानात नेऊन देतो.

निवृत्त_जुळारी

मी नाशिक रोडला आणि नंतर भद्रकालीत मिळून ३१ वर्षं खिळे जुळवले. म्हणून थोडं मोठं लिहितो, राग नसावा.

खिळे म्हणजे शिसं नव्हे. त्यात शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असतं. लायनोच्या (अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या यंत्राच्या) धातूत साधारण ८४ भाग शिसं, १२ भाग अँटिमनी, ४ भाग कथील. सुट्या खिळ्यांत तर अँटिमनी आणि कथील त्याहून जास्त. अँटिमनीने धातू कडक होतो आणि थिजताना फारसा आकसत नाही, म्हणून अक्षराची कड धारदार उठते. कथिलाने तो साच्यात नीट पसरतो. मिश्रणाची गंमत अशी की शिसं ३२७ ला वितळतं, पण लायनोचा धातू २४० च्या आसपासच वितळतो. तुम्ही हे खिळे टायरच्या वजनांत मिसळले तर वितळतील छान, पण काही पिढ्यांनी जपलेलं मिश्रण एका मिनिटात पाणचट होईल. वेगळे आटवा, वेगळ्या लगडी पाडा, त्यावर खूण ठोका.

पण त्याआधी एक विनंती. ते सरसकट आटवू नका. एक संध्याकाळ द्या आणि निवडा.

खिळा बोटात धरा. एका अंगाला खाच असते. ती खाच चाचपून आम्ही न बघता खिळा सरळ लावायचो. मग तिरप्या उजेडात त्याचं तोंड बघा. कडा गोल झाल्या असतील, मध्ये खड्डा दिसत असेल तर तो मार खाल्लेला खिळा. डिग्री या प्रकारच्या खिळ्यांत वरची मात्रा आणि रफार अंगाबाहेर लोंबतो, तो सगळ्यात आधी मोडतो. असे मोडके, मार खाल्लेले वेगळे काढा. आमच्या काळीही ते फाउंड्रीला परत जायचे आणि नव्या खिळ्यांच्या बिलात धातूची वजावट मिळायची. त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका, खिळा आटवणं हा त्याच्या आयुष्याचाच भाग आहे. पण चांगला खिळा आता पुन्हा मिळणार नाही. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्यांच्या फाउंड्रीच्या देवनागरी खिळ्यांनी कितीतरी पोथ्या आणि पुस्तकं छापली. तो धंदा संपला. तुमच्या खोक्यात कुठल्या फाउंड्रीचे आहेत ते मला बघायचं आहे.

रविवारकारंजा

काका, तुम्ही सांगितलंत तसं काल रात्री बसलो. हातमोजे घालून, खाली जुना फ्लेक्स अंथरून. पहिल्या खोक्यातच एक जोडाक्षरांचा पुडा निघाला, वर्तमानपत्रात बांधलेला, सुतळीसकट. आत क्ष, ज्ञ, त्र, श्र. तोंडं कोरी आहेत. वडिलांनी बहुतेक वापरलेच नाहीत. हे मी आटवणार नाही.

टायरच्या वजनांबद्दल विचारायचं होतं. मित्र म्हणतो त्यात आता लोखंड आणि जस्तही येतं. ओळखायचं कसं?

टायर_पंक्चर_बॅलन्स

येतं. युरोपात २००५ पासून नव्या गाड्यांना शिशाची वजनं बंद आहेत, त्यामुळे बऱ्याच कंपन्या जस्ताची आणि लोखंडाची लावतात. आमच्या डब्यातही आता सरमिसळच असते.

आधी डबा उपडा करून लोहचुंबक फिरवा. पण शिशाच्या वजनालाही लोखंडी क्लिप असते, त्यामुळे ते क्लिपने चिकटतं. नुसतं चिकटलं म्हणून फेकू नका, अंगावर चिकटतं का ते बघा. मग कोपऱ्यावर Zn किंवा Fe असा छाप आहे का पाहा. छाप नसेल तर पकडीने चावा घ्या. शिशात पकड रुतते, जस्तावर नुसता ओरखडा उठतो. शहाबादी फरशीवर टाकून बघा, जस्त खणकतं, शिसं धप्प करतं. शंभर वजनं झाली की नुसत्या आवाजावर हात चालतो.

चिकटपट्टीची चपटी वजनं असतात ती मऊ, जवळजवळ शुद्ध शिसं. क्लिपवाल्यांत थोडं अँटिमनी असतं, ती जरा कडक. पट्टी आधी सोलून काढा, जळाली तर फार घाण धूर येतो.

भट्टीवाला_सातपूर

याला पुरवणी. निवडूनही एखादं जस्ताचं राहतंच. जस्त ४२० अंशांना वितळतं. म्हणजे ३४० ते ३८० मध्ये राहिलात तर जस्ताचं वजन न वितळता वर तरंगतं, क्लिपांबरोबर झाऱ्याने काढून टाका. पण लक्ष नसलं, जाळ मोठा राहिला आणि जस्त आत विरघळलं, की रस ओट्सच्या लापशीसारखा रवाळ होतो. साच्यात नीट वाहत नाही, लगडीला सुरकुत्या पडतात. ते परत काढणं घरी जमणारं काम नाही. तापमान राखणं हे फक्त आरोग्यासाठी नाही, मालासाठीही आहे.

वाडासंस्कृती

वाड्यातल्या नळीबद्दल माझा अनुभव वाचाच. चार वर्षांपूर्वी आमच्याकडेही अशीच नळी निघाली होती. करवतीने हातभर तुकडे केले, दोन दिवस उन्हात ठेवले. एका तुकड्याचं टोक काढताना ठोकून चपटं झालं होतं आणि मधे बाक होता. आत पाणी असेल असं मनातही आलं नाही. निम्मा रस झाल्यावर तो तुकडा मी वरून सोडला. आवाज मोठा नव्हता, भजीच्या तेलात पाणी पडल्यावर होतो तेवढाच. पण कढईतलं निम्मं शिसं बाहेर आलं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत सात डाग आहेत, अजून आहेत. शर्टाची बाही मी दुमडली होती.

नळी उभी चिरा. दोन्ही बाजूंनी आतलं दिसलं पाहिजे. तोंड बंद असलेली कुठलीही पोकळ वस्तू आत घालू नका.

तांबटआळी

मळी काढण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रस झाला की वर करडी साय धरते. नवखा माणूस ती घाण समजून झाऱ्याने काढत राहतो. ती काढली की परत धरते, परत काढतो. ती सगळी घाण नसते. कथील आधी वर येतं आणि हवेने त्याची राख होते. खिळ्यांच्या बाबतीत तुम्ही जे फेकाल ते सगळ्यात महाग धातूच असेल.

म्हणून आधी मेण द्यायचं. सुपारीएवढं मेण किंवा मूठभर कोरडा लाकडाचा भुसा रसावर टाका. धूर येईल, तो काडीने पेटवून द्या म्हणजे धूर कमी होतो. लांब दांड्याच्या लोखंडी पळीने तळापासून ढवळा, कढईचे काठ खरवडा. भुशाचा कोळसा होतो आणि तो राखेतलं कथील परत रसात घालतो. मग वर जी उरते ती काळी, भुसभुशीत, कोरडी पूड. ती खरी मळी. ती काढा. दोनदा करा. दुसऱ्या वेळी रस आरशासारखा होतो, वरून वाकलं तर चेहरा दिसेल असा. पण वाकू नका.

अजून एक. आमच्याकडे सराफ बाजाराचंही काम येतं. ज्या टेबलावर शिसं हाताळलं तिथे चांदीचं काम कधीही करायचं नाही. चांदीला शिशाचा कण चिकटला आणि ती तापवली की तिथे भोक पडतं. भांड्याच्या कल्हईतही तेच पथ्य. कल्हई शुद्ध कथिलाचीच हवी, स्वस्त पडतं म्हणून शिसं मिसळलेलं कथील स्वयंपाकाच्या भांड्याला लावणं हे पाप आहे.

रविवारकारंजा

आज मखमलाबादला पहिली कढई लावली, फक्त नळीच्या थोड्या तुकड्यांची. एक अडचण आली. बंदुकीसारखा तापमापक आणला होता, तो रसावर रोखला की २१० दाखवतो. शिसं तर पाण्यासारखं पातळ आहे. जाळ वाढवायचा की नाही कळेना म्हणून बंद केलं आणि थांबलो.

आकाशदर्शक_गंगापूर

थांबलात ते फार बरं केलंत. शिसं ३२७ च्या खाली पातळ राहूच शकत नाही, म्हणजे बंदूक चुकतेय. ती वस्तूतून निघणारे अवरक्त किरण मोजते आणि चकचकीत धातू ते फार कमी सोडतो. आरशाचं तापमान बघण्यासारखं आहे ते. २१० बघून तुम्ही जाळ वाढवत गेला असतात तर बंदुकीत ३५० दिसेपर्यंत आतला रस कुठल्या कुठे गेला असता. रसात बुडवायची दांडीवाली थर्मोकपल वापरा, के टाइपची. बुडवण्याआधी दांडी काठावर तापवून कोरडी करा.

दुर्बिणीच्या वजनासाठी: लगडी उघड्या लावू नका. डब्यात बंद करा किंवा दोन हात ऑइलपेंट द्या. आकाशदर्शनाला मुलं येतात, सगळ्यात आधी हात तिथेच लावतात.

रविवारकारंजा

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही प्रत्येकाने वेळ दिलात.

सकाळी सातला पोचलो. दव होतं, आप्पेपात्राच्या खळग्यांत हात फिरवला तर बोट ओलं झालं. रात्री घरून निघताना ते कोरडं पुसलं होतं. तुम्ही सांगितलं नसतं तर मी तसंच ओतलं असतं. ते अर्धा तास शेगडीच्या कडेला तापत ठेवलं.

पहिली नळी, उभी चिरलेली. मला वाटलं होतं तासभर लागेल, पण दहा किलो शिसं वितळायला जेमतेम दोन लिटर पाण्याला उकळी आणायला लागते तेवढीच उष्णता पुरते. कढई तापायला वेळ लागला, मग सगळं एकदम बसलं. थर्मोकपलवर ३५० ठेवलं. मेण दिलं, पेटवलं, ढवळलं. झारा फिरवल्यावर रस उघडा पडला आणि त्यावर आधी सोनेरी, मग जांभळी, मग निळी झाक सरकत गेली. शुद्ध शिशावरच ती दिसते असं भट्टीवाले दादा फोनवर म्हणाले. टायरच्या रसावर ती जवळजवळ नव्हतीच, चांदीसारखा पांढरा राहिला.

टायरच्या २२ किलोंतून १.३ किलो लोखंड आणि २.९ किलो जस्त आधीच निवडून निघालं होतं. १७.८ कढईत गेलं. तरी तीन जस्ताची वजनं तरंगत वर आली, ती काढली. क्लिपा आणि मळी जाऊन १४.५ किलो हाती आलं. नळीच्या ६.२ मधून ५.९.

खिळे सगळ्यात शेवटी. निवडून ८.६ किलो मार खाल्लेले निघाले. कढईत उलटे सुलटे पडले होते, ग, न, काना, वेलांटी. जाळ लावल्यावर काही क्षण काहीच झालं नाही, मग तळाकडचे खिळे उभ्याउभ्या खचायला लागले. वरचे त्यांच्यावर बसत गेले. एक 'र' बराच वेळ रसावर उताणा तरंगत होता. मी झारा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मुलीने खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आलो. ८.४ किलो मिळाले, म्हणजे मळीत फार थोडं गेलं. तांबटआळीकरांचे मनापासून आभार, भुसा दिला नसता तर यातलं कथील मी फेकलं असतं.

एक गोष्ट मला फार आवडली. तेच आप्पेपात्र, तेवढंच काठोकाठ भरलेलं, पण नळीची लगड सरासरी ३२९ ग्रॅम, टायरची ३२० आणि खिळ्यांची २९८. अँटिमनी आणि कथील शिशापेक्षा हलके, ते काट्यावर सरळ दिसलं. नख लावलं तर नळीच्या लगडीवर ओरखडा उठतो, खिळ्यांच्या लगडीवर उठत नाही. तिन्हींवर वेगळे ठसे ठोकले: न, ट, ख. सगळ्या मिळून ९१ लगडी.

लगडी पाण्यात विझवल्या नाहीत, आपोआप गार होऊ दिल्या. मळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करून वर लिहिलं आहे. ती घंटागाडीत जाणार नाही, सगळं शिसं घेणाऱ्या नोंदणीकृत रिसायकलरशी बोलणं झालंय. खळं ओल्या फडक्यांनी तीनदा पुसलं, फडकीही त्याच डब्यात गेली. कपडे तिथेच बदलले. पुतण्याला त्या दिवशी मी घरी आल्यावर आंघोळ होईपर्यंत उचललं नाही. तो रडला, पण नाही उचललं.

ट च्या ११ लगडी डब्यात बंद करून दुर्बिणीच्या तळाला लावल्या. आता ती हात सोडला तरी आहे तिथे राहते. काल मुलीने शनीवर लावली आणि आम्ही पाळीपाळीने बघितलं.

बालवैद्य

सगळं नीट केलंत. तरी मनाच्या समाधानासाठी तुमची आणि पुतण्याची, दोघांचीही रक्तातल्या शिशाची तपासणी एकदा करून घ्या. वाडा उतरवताना जुना रंगही खरवडला जाणार, त्यातही शिसं असू शकतं. देशात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१७ पासून, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. त्या कामाच्या दिवसांत पोराला आजोळी पाठवा.

रविवारकारंजा

ताई, दोघांचंही रक्त सोमवारी देतो. वहिनींशी बोललो, महिनाभर तो सिन्नरला राहील.

निवृत्त_जुळारी

वाचलं. 'र' चं वाचून थोडा वेळ थांबलो.

रविवारी येतो. माझ्याकडे खिळे जुळवायची एक पितळी स्टिक आहे, ती घेऊन येतो. चांगले खिळे किती उरले? ळ किती आहेत ते आधी मोजून ठेवा. हिंदीच्या संचात ळ नसायचाच, मराठी छापखान्याला तो वेगळा मागवायला लागायचा आणि नेहमी कमी पडायचा. शेजारच्या छापखान्यातून मूठभर ळ उसने आणलेत मी कितीदा.

रविवारकारंजा

काका, चांगले ५.४ किलो उरलेत. ळ एकवीस आहेत. त्यातले चार मार खाल्लेले होते, तेही ठेवलेत.